पडद्यातला धावदोरा

पडदा मधोमध टाचून घ्यायचा, एवढंच मी त्या दिवशी ठरवलं. एवढ्याशा गोष्टीवरून भरल्या सभागृहात माझी काय शोभा झाली, ते सांगायला बसले आहे. हसायचं तर हसा, पण आधी सगळं ऐकून घ्या.

मी घरी शिवणकाम करते. पडदे, उशांचे अभ्रे, शाळेचे गणवेश, कुणाची चेन बदलून दे, कुणाची बाही सैल करून दे. शिक्षण सातवी. एक मुलगी आहे अडीच वर्षांची, तिला आम्ही चिमणी म्हणतो. आणि मला काळजी करायची सवय आहे. (आमचे हे म्हणतात, ती सवय नाही, ती तुझी कायमची नोकरी आहे. माझीच तेवढी तात्पुरती.)

ह्यांची नोकरी म्हणजे आमदार लोक जिथे बसतात त्या इमारतीत शिपायाची. सहा वर्षं झाली, अजून तात्पुरतेच. दर वेळी कागद वर जातो आणि कुठल्या तरी टेबलावर झोपतो.

तर त्या सभागृहात एक आमदार आहेत, सगळे त्यांना माई म्हणतात. चौतीस वर्षं सलग निवडून आल्या. सरकारं आली आणि गेली, माई आपल्या जागेवर. त्यांचं मोठं तैलचित्र करून सभागृहात लावायचं असं ठरलं. माई आधी नकोच म्हणत होत्या म्हणे. "मला भिंतीवर टांगायची एवढी घाई कशाला? मी अजून चालतीफिरती आहे." पण ठराव झाला, चित्रकार आला, चित्र झालं, निमंत्रणं वाटली, आणि अनावरणाला दोन दिवस राहिले तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की चित्रावरचा पडदा बाजूला करायचा म्हणजे आधी चित्रावर पडदा पाहिजे. जुना कपाटातून काढला तर त्याला कसर लागलेली. झटकला तर निम्मा पडदा जमिनीवर.

ह्यांच्या वरच्या साहेबांना ऑफिसात सगळे घड्याळसाहेब म्हणतात. कार्यक्रमपत्रिका ते मिनिटांवर छापतात. अकरा वाजून दोन मिनिटांनी स्वागत, अकरा वाजून सात मिनिटांनी पुष्पगुच्छ. (टाळ्यांनाही अर्धं मिनिट धरलेलं असतं.) त्यांनी डोक्याला हात लावला, आणि नेमके तेव्हाच आमचे हे चहाचा ट्रे घेऊन आत गेले आणि बोलून बसले, "साहेब, माझी बायको शिवते."

"नीट शिवेल?"

"साहेब, तिने एकदा घातलेला टाका जन्मात सुटत नाही."

साहेब म्हणाले, "पडदा चांगला झाला आणि कार्यक्रम सुरळीत पार पडला, तर तुझा कायमचा कागद मी स्वतः वर घेऊन जातो. आणि काही गडबड झाली, तर..." पुढचं बोलले नाहीत. ह्यांनीही घरी येऊन पुढचं सांगितलं नाही. पण मी काळजी करणारी बाई. पुढची रिकामी जागा मी स्वतःच भरून काढली, ती पार भाड्याचं घर सोडून सामान टेम्पोत भरण्यापर्यंत.

कापड आलं. गडद तांबडी मखमल, माणसाच्या उंचीपेक्षा हातभर जास्त. पडदा दोन भागांचा करायचा, वर रिंगा, मधून दोरी. दोरी ओढली की एक भाग डावीकडे, एक उजवीकडे, आणि मधे माई.

आता मखमल शिवली असेल त्यांनाच कळेल, ती मशीनखाली माशासारखी निसटते. चुण्या घातल्या तर एक चुणी पूर्वेला जाते, एक पश्चिमेला. म्हणून मी काय करते, दोन्ही भाग शेजारी ठेवून मधोमध वरपासून खालपर्यंत धावदोरा घालते. म्हणजे हाताचे कच्चे टाके. त्यामुळे दोन्ही भाग एका रेषेत राहतात, इस्त्री नीट होते. मग तो दोरा काढून टाकायचा. यासाठी पांढराच दोरा घ्यायचा असतो, म्हणजे तो डोळ्यांत खुपतो आणि काढायचा राहत नाही. पण पांढरं रीळ चिमणीने सकाळीच पाण्याच्या बादलीत आंघोळीला घातलं होतं. म्हटलं, जाऊ दे, तांबड्याने टाचू. तांबड्यावर तांबडा.

बरं, टाचायचं तर साधं टाचावं. पण मोठ्या लोकांचं काम, मधेच सुटलं तर? म्हणून मी दर वीतभर अंतरावर एक पक्की गाठ मारली. अकरा गाठी झाल्या. हे संध्याकाळी पडद्याची घडी घेऊन गेले, मी इस्त्री बंद झाली की नाही ते तीनदा बघितलं, आणि मनात म्हटलं, सुटले.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम अकराचा. हे पहाटेच गेलेले. साडेनऊला मी केर काढत होते. शिवणकाम झालं की मी जमीन अगदी हाताने चाचपून बघते, कारण चिमणी सापडेल ते तोंडात घालते. कापडाचे तुकडे सापडले, एक टाचणी सापडली (देवा!), पण काढलेला धावदोरा काही सापडेना. एवढा लांब दोरा! मशीनखाली नाही, गादीखाली नाही.

मी चिमणीला धरून तिचं तोंड उघडलं.

"चिमणे, दोरा खाल्लास?"

"हो."

"किती?"

"सगळा."

मी तिला उलटी धरली, सुलटी धरली, जिभेखाली बोट घातलं. ती खदाखदा हसत होती. शेजारच्या काकूंना हाक मारली तर त्यांच्या दाराला कुलूप. डॉक्टरकडे धावायला चपला पायात घातल्या आणि एकदम आठवलं, की दोरा हिने खाल्लेला नाही. दोरा पोटात नाहीच. दोरा पडद्यात आहे!

एक क्षण इतका आनंद झाला म्हणून सांगू! मी पोरीचे मुके घेतले. दुसऱ्या क्षणी तिथेच खाली बसले.

माणसं भरलेली. माई समोर. अध्यक्ष दोरी ओढणार आणि पडदा हलणार नाही. पुन्हा ओढणार. अकरा पक्क्या गाठी. रिंगा तुटतील, दांडा खाली येईल, तो चित्रावर पडेल, चित्र माईंवर पडेल. ह्यांचा कागद फाडून... (त्या टेम्पोत आता माझं शिवणयंत्रही चढलं होतं.)

ह्यांना फोन लावला. बंद. कार्यक्रमाच्या दिवशी सगळ्या शिपायांचे फोन साहेब कपाटात ठेवतात, वाजले तर मिनिटं वाया जातात म्हणून. मी पिशवीत हाताला लागेल ते हत्यार टाकलं, चिमणीला कडेवर घेतलं आणि बस पकडली. बस प्रत्येक थांब्यावर थांबत होती. थांबा म्हटल्यावर थांबणारच, पण त्या दिवशी मला तो माझ्याविरुद्ध कट वाटला.

गेटवर पोचले तेव्हा अकराला सात मिनिटं कमी होती. खाकी कपड्यांतल्या एका बाईने मला अडवलं.

"पास?"

"पास नाही. पण पडदा माझा आहे."

"कुठला पडदा?"

"आतला. माईंच्या चित्रावरचा. मीच शिवलाय."

"बरं. मग आता काय करायचंय?"

"उसवायचाय."

तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पिशवी उघडली. मोठी कात्री, छोटी कात्री, एक ब्लेड, टाके उसवायचा टोकदार आकडा, दोन दाभण. ती एकेक वस्तू टेबलावर मांडत गेली आणि माझ्यामागचे सुटाबुटातले पाहुणे एकेक पाऊल मागे सरकत गेले.

"बाई, कार्यक्रमाला आलात की ऑपरेशनला?"

"अहो, खरंच सांगते, माझे यजमान आत शिपाई आहेत..."

"इथे येणारा प्रत्येक जण कुणाचा तरी कोणीतरी असतो. बाजूला व्हा."

मी रडायच्या बेताला आले. तेवढ्यात चिमणी सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आई, शू."

त्या बाईचा चेहरा एकदम बदलला. "मग आधी सांगायचं ना! आमच्या धाकट्याचंही असंच, ऐन वेळेला. आत जा, उजवीकडे. पाच मिनिटांत बाहेर. आणि हा दवाखाना इथेच राहील."

मी आत शिरले. उजवीकडे गेले नाही. (चिमणीला लागलेली नव्हतीच. मोठी माणसं अडली की ती हा शब्द वापरते, एवढी अक्कल तिला आली आहे.) समोरच लांब बोळ, आणि बोळात आमचे हे, पांढऱ्या गणवेशात, हातात पाण्याच्या ग्लासांचा ट्रे.

"तू? इथे? चिमणीला काय झालं?"

"चिमणीला काही नाही. पडद्याला झालंय."

"काय झालं?"

"धावदोरा राहिलाय."

"म्हणजे काय?"

"मधोमध टाके असतात हो. ते काढायचे असतात. मी काढलेच नाहीत."

"मग?"

"मग दोरी कितीही ओढली तरी पडदा उघडणार नाही."

"अगं, पण तो उघडण्यासाठीच तर आहे!"

"ते मला कळतं हो."

"अध्यक्ष ओढणार आहेत. फोटोवाले आहेत. सगळे आमदार आहेत."

"अहो, आणखी काळजी देऊ नका, ठेवायला जागा नाही आता. साहेबांना सांगा ना."

"साहेबांना? त्यांच्या पत्रिकेत टाके उसवायला वेळ धरलेला नाही." मग ह्यांनी इकडेतिकडे बघून मान खाली घातली. "व्यासपीठाच्या मागे एक दार आहे. तिथून चित्रामागे जाता येईल. अनावरण अकरा पस्तीसला. त्याच्या आधी माईंचं भाषण आहे, म्हणजे काळजी नाही."

ते काळजी नाही का म्हणाले, ते सांगते. माईंचं भाषण एकदा सुरू झालं की संपत नाही, ही सगळ्या सभागृहात प्रसिद्ध गोष्ट. घंटा वाजवा, दिवे घालवा, माई बोलतच. म्हणून साहेबांनी युक्ती केली होती. भाषण अनावरणाच्या आधी ठेवलं, म्हणजे अध्यक्ष दोरी हातात घेऊन उभे राहिले की माईंना थांबावंच लागेल.

"कात्री आणलीस ना?"

"गेटवर काढून घेतली."

"मग कशाने काढणार?"

"दात आहेत."

ह्यांनी दार दाखवलं, चिमणीच्या हातात एक बिस्किट दिलं आणि ग्लास सावरत निघून गेले.

व्यासपीठाच्या मागे अंधार होता आणि रंगाचा वास येत होता. मोठ्या लाकडी स्टँडवर चित्र उभं केलेलं, त्याच्यापुढे हातभर जागा सोडून माझा पडदा, थेट जमिनीपर्यंत. मी चिमणीला घेऊन बाजूने त्या फटीत शिरले. म्हणजे बघा, पुढे मखमल, पाठीला माई, आणि मधे आम्ही मायलेकी. पलीकडे माइकवर कुणीतरी माईंनी बांधून घेतलेल्या शाळांची नावं वाचत होतं.

चिमणीला खाली बसवलं. ओठांवर बोट ठेवून म्हटलं, "आवाज नाही." तिनेही ओठांवर बोट ठेवून मोठ्याने म्हटलं, "आवाज नाही."

खालून सुरुवात केली. पहिली गाठ दातांत धरली. ती सुटेना. माझ्याच हातची गाठ, पण असा राग आला तिचा! ह्यांनी साहेबांना खोटं काही सांगितलं नव्हतं. चावून चावून ती एकदाची सुटली तेव्हा तोंडात मखमलीची लव गेली. खोकला आला. तो मी टाळ्यांची वाट बघत गिळून धरला, टाळ्या वाजल्या तेव्हा त्यांत खोकून घेतला. दुसरी गाठ. तिसरी. चौथीला हिरडीतून रक्त आलं बहुतेक, पण तांबड्यावर काय दिसतंय!

पाचवी गाठ सुटली तेवढ्यात माईंना बोलायला बोलावलं. मला हायसं वाटलं. म्हटलं, आता निदान अर्धा तास.

माईंचा आवाज आला, बारीक पण खणखणीत. "आज मी फक्त दोन वाक्यं बोलणार आहे."

सभागृहात आनंदाची लाट उसळली. माझ्या तोंडातला दोरा सुटला.

"पहिलं वाक्य, तुमचे आभार. दुसरं वाक्य..."

नको, नको, माई, आजच कसं सुचलं हो तुम्हाला! अजून सहा गाठी होत्या, आणि वरच्या तर माझ्या डोक्याच्याही वर. मी स्टँडच्या खालच्या फळीवर चढले. फळी कुरकुरली. माझं नाक माईंच्या रंगवलेल्या नाकाच्या शेजारी आलं. चित्रातल्या माई चष्म्यातून थेट माझ्याकडे बघत होत्या, जणू विचारत होत्या, हे काय चाललंय?

तेवढ्यात पलीकडून करकर असा आवाज आला. ह्यांचे बूट! हे पाणी घेऊन माईंकडे चालले होते. पाणी माईंनी मागितलंच नव्हतं. ह्यांनी ग्लास पुढे करताना हळूच काय सांगितलं, ते मला नंतर कळलं. म्हणाले, "माई, माझी बायको पडद्यात अडकली आहे. जरा लांबवा."

चौतीस वर्षांत माईंना कुणी लांबवा म्हटलं नसेल! त्या घोटभर पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "दुसरं वाक्य राहू द्या. या पाण्याच्या ग्लासावरून मला एक गोष्ट आठवली."

सभागृहाने सुस्कारा सोडला. मी दात पुढे केले.

माई पाण्याच्या पाइपलाइनवर बोलल्या. ती कुठून निघाली, कुठे अडली, कुणी अडवली, कोणत्या वर्षी कोणत्या मंत्र्याने काय उत्तर दिलं. सहावी गाठ गेली. अध्यक्ष घसा खाकरून दोरीपाशी येऊन उभे राहिले. माई पंपाकडे वळल्या. सातवी गेली. कुणीतरी घंटा वाजवली. माई म्हणाल्या, "वाजवा, मला सवय आहे," आणि दुसऱ्या पंपाकडे गेल्या. माणसं घड्याळं बघत होती, जांभया देत होती, आणि पडद्यामागे मी एकटी मनात हात जोडत होते की देवा, अजून एखादा पंप असू दे. आठवी. नववी.

आणि चिमणीने वर बघितलं. तिला पहिल्यांदाच चित्र नीट दिसलं. "आजी!" तिने हाक मारली. "आजी, बिक्कीट घे!"

हाक थेट सभागृहात गेली. फळीवर एक पाय, दातांत दहावी गाठ, आणि श्वास घ्यायची सोय नाही.

माई शांतपणे म्हणाल्या, "मला कुणीतरी हाक मारली. चौतीस वर्षांत या सभागृहात इतक्या प्रेमाने पहिल्यांदाच मारली, म्हणून मी अजून पाच मिनिटं बोलते."

लोक हसले. मी दहावी सोडवली. शेवटची गाठ अगदी वर होती. चवड्यांवर उभी राहिले, मान ताणली. वर मला पडद्याला लावलेला एक लोखंडी चिमटा दिसला. पडद्याला रिंगा असतात, चिमटा कशाला, असं एकदा मनात आलंही. पण विचार करायला तोंड मोकळं पाहिजे. मी चावून गाठ सोडवली, दोऱ्याचं टोक दातांत धरलं, आणि सरसर करत अख्खा धावदोरा ओढून घेतला. पडदा मधोमध मोकळा झाला. फटीतून सभागृहातल्या उजेडाची बारीक रेघ आत आली. त्या घटकेला मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू!

खाली उतरले, चिमणीचा हात धरला. तिकडे माईंनी भाषण आवरलं. आम्ही बाजूने निसटणार, तेवढ्यात चिमणी हात सोडवून मागे पळाली. "बिक्कीट!" बिस्किट स्टँडखाली गेलं होतं. मी तिला पकडायला वाकले आणि अध्यक्षांनी दोरी ओढली.

पडदा डावी-उजवीकडे गेलाच नाही. उजवा भाग धप्पकन खाली आला, थेट माझ्या डोक्यावर. डावा भाग जागचा हलला नाही.

आतून मला काही दिसत नव्हतं, पण बाहेर काय दिसत होतं ते नंतर ह्यांनी सांगितलं. वर माईंचा एक डोळा, अर्धं नाक, चष्म्याची एक काच. बाकी अर्ध्या माई पडद्याआड. आणि खाली तांबड्या मखमलीचा एक ढीग, इकडून तिकडे सरकणारा. ढिगातून आवाज, "सापडलं!" कुणी टाळ्या वाजवेना. पत्रिकेतलं टाळ्यांचं अर्धं मिनिट तसंच गेलं.

मी कशीबशी बाहेर डोकं काढलं. केस विसकटलेले, कडेवर पोर, आणि तोंडातून छातीपर्यंत लोंबणारा तांबडा दोरा. फोटोवाल्यांनी इतका वेळ राखून ठेवलेले सगळे फोटो तेव्हाच काढले.

घड्याळसाहेब घड्याळ विसरून ओरडले, "ही बाई कोण? आत कुणी सोडली?"

हे कोपऱ्यात उभे. मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे. चिमणीने ह्यांना बघून आनंदाने तोंड उघडलं आणि "बा" एवढंच म्हटलं. मी सापडलेलं बिस्किट अख्खं तिच्या तोंडात कोंबलं. (घशात अडकेल म्हणून मी एरवी एका बिस्किटाचे आठ तुकडे करते. आणि ते स्टँडखालचं होतं. आईला काय काय करावं लागतं!)

"ती माझ्याबरोबर आलीय," माई म्हणाल्या. मग माइककडे वळून, "आणि मंडळी, एवढं दचकू नका. चौतीस वर्षं या सभागृहाने मला अर्धवट ऐकलं. आज अर्धवट बघितलं. मला काही नवीन नाही."

सगळं सभागृह हसलं, टाळ्या कडाडल्या. त्या गोंधळात ह्यांनी धावत जाऊन डावा भाग हिसकून काढला आणि माई एकदाच्या पूर्ण दिसल्या.

नंतर मागच्या खोलीत चहा होता. माईंनी मला शेजारी बसवून घेतलं होतं. मी कप धरला होता, पण बशीच जास्त वाजत होती. दाराशी हे ट्रे घेऊन उभे, चेहरा पांढराफटक. एवढ्यात साहेब आत आले, पाठोपाठ सजावटवाला, तावातावाने बोलत.

"साहेब, माझी चूक नाही. रिंगा सकाळीच अडकत होत्या, पडदा सरकेचना. म्हणून मी रिंगाच काढल्या आणि वर चार चिमटे लावले. दोरी ओढली की चिमटे सुटणार, अख्खा पडदा एका झटक्यात खाली. तुम्हाला तालीम करून दाखवली होती ना?"

"दाखवली होतीस. मग आता काय झालं?"

"डावीकडचे चिमटे कडक होते, पण सकाळी तेही सुटले, कारण पडदा एकसंध होता. शिवणाऱ्या बाईने दोन्ही भाग मधोमध टाचून दिले होते. काय पक्के टाके होते साहेब! एकाच्या वजनाने दुसरा खाली. कुणीतरी ते टाके काढले. कोण असा शहाणा ते शोधा."

माझ्या हातातली बशी वाजायची थांबली.

साहेबांनी खोलीभर नजर फिरवली. ती फिरत फिरत माझ्या मांडीवर आली. तिथे तो अख्खा तांबडा दोरा पडला होता. चिमणी त्याला गाठी मारत बसली होती.

"टाके तुम्ही काढलेत?"

"हो," मी म्हटलं.

"कशासाठी?"

"मला वाटलं... पडदा उघडणार नाही."

माई चहा पीत होत्या, म्हणून साहेबांना ओरडता येईना. त्यांनी मोठा श्वास घेतला आणि ह्यांच्याकडे वळले. "अरे, तुझ्या बायकोने किती पुढचा विचार करून ते टाके घातले असतील! दर वीतभरावर गाठ. मी स्वतः मोजल्या, अकरा होत्या. तिचं काम चोख होतं, ते बिघडवलं दुसऱ्यांनी. तुझा कागद मी आजच वर घेऊन जातो. तुझ्यासाठी नाही, त्या बाईसाठी."

ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. साहेबांना वाटलं, मला पश्चात्ताप झाला. ते जरा मऊ झाले.

"बाई, तुम्ही माईंच्या ओळखीच्या, म्हणून रागावत नाही. पण ज्यातलं कळत नाही त्यात हात घालू नये. याची बायको सातवीच शिकली आहे म्हणे, पण डोकं बघा. चार दिवस जाऊन तिच्याकडून जरा शिकून घ्या. काय रे, शिकवेल ना ती यांना?"

आमच्या ह्यांनी माझ्याकडे बघितलं. नीट विचार केल्यासारखं केलं. मग म्हणाले, "घरी विचारून बघतो साहेब. पण ती काही हो म्हणेल असं वाटत नाही. अनोळखी बायकांची तिला फार भीती वाटते."